वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग

विजयदुर्गला पोहोचणाऱ्याची नजर तटबंदीवर जाते आणि तिथेच खिळून राहते. हे स्वाभाविक असले, तरी हा किल्ला समजून घ्यायचा तर आधी त्याच्या कुशीतली खाडी पाहावी लागते. वाघोटन नदी अरबी समुद्राला जिथे मिळते, तिथे दक्षिण काठावरच्या खडकाळ टोकावर हा किल्ला उभा आहे. आत शिरलेल्या गलबतांना वाऱ्या-वादळापासून आसरा खाडीने द्यायचा आणि खाडीत कोण शिरते यावर पहारा किल्ल्याने ठेवायचा, असे हे परस्परांवर अवलंबून असलेले नाते होते. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि हे नाते पुस्तकातून शिकवीत आलो आहे; ते डोळ्यांनी पाहावे म्हणून या हिवाळ्यात आम्ही धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या आमच्या गावाहून निघालो. तूर घरात आली होती, कपाशीची शेवटची वेचणी उरकली होती आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठी घरोघरी कोणीतरी मागे राहिले होते. सोबत शेजारची दोन शेतकरी जोडपी, एसटीतून निवृत्त झालेले एक भाऊ आणि आमच्या आळीतले सत्तरी ओलांडलेले माळकरी काकाजी होते. माझ्याखेरीज समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता.

शुक्रवार: तळेऱ्याहून खाली

मुंबईत गाडी बदलून सकाळी कणकवलीला उतरलो आणि तिथून जीप केली. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेऱ्याहून विजयदुर्गचा रस्ता फुटतो. जसजसे पश्चिमेकडे जावे तसतशी झाडी विरळ होत जाते आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे सुरू होतात. आमच्याकडच्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीची सवय असलेल्या माणसांना हा लाल कातळ पाहून धक्काच बसला. त्यातच ठिकठिकाणी आंब्याच्या बागा मोहोरलेल्या होत्या. जीपवाल्याने सांगितले की कातळात सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरून माती आणून भरतात आणि मग कलम लावतात. हे ऐकून आमच्यातल्या एका शेतकऱ्याने गाडी थांबवायला लावली, खड्ड्याची खोली स्वतः वाकून पाहिली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

दुपारी मुक्कामाच्या घरी पोहोचलो. घरच्या मावशींनी दारातच विचारले, “खंयसून इलात?” अमरावती जिल्ह्यातून आलो असे सांगितल्यावर त्यांनी हातातले काम ठेवून आधी पाणी आणि मग कोकम सरबत आणले. हवा दमट होती. फेब्रुवारीतही अंगाला घाम येत होता आणि आमच्या मंडळींनी पहाटेच्या थंडीसाठी आणलेल्या शाली बॅगेतून बाहेर आल्याच नाहीत. संध्याकाळी बंदरावर गेलो. काकाजींनी धोतर सावरून पाण्यात पाय घातले, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि म्हणाले, “बाप्पा, इतकं पानी अन् एका वावराच्या कामाचं नाही!”

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी होती. मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा तळलेला होता. आम्ही बरोबर नेलेली जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा मावशींना दिला. जवसाची चटणी त्यांना इतकी आवडली की त्यांनी कृती लिहून घेतली. विदर्भातून जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच नोंदवतो: शाकाहारी जेवण मिळते, पण ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी.

शनिवार: तटावरून खाडीकडे

किल्ल्याला सकाळी लवकर जावे. दहानंतर जांभा तापतो आणि तटावर सावली नाही. पाणी, टोपी आणि घट्ट पायताण आवश्यक आहे.

एके काळी किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला खंदक होता. आज तो बुजलेला आहे आणि रस्ता थेट दरवाजाशी जातो. दरवाजा मात्र सहज दिसत नाही. तो बुरुजांच्या आड, वळणावर बांधलेला आहे, म्हणजे दारावर चालून येणाऱ्याला तटावरच्या माऱ्याखालूनच यावे लागे. आत सदर, दारूचे कोठार, खलबतखाना, पागा आणि भवानीमातेचे मंदिर अशी जुनी ठिकाणे दाखवली जातात. या किल्ल्याचे जुने नाव घेरिया. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला असे मानतात. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, शिवाजी महाराजांनी तो घेतला, त्याचे नाव विजयदुर्ग ठेवले आणि त्याचा विस्तार केला. आजची तिहेरी तटबंदी त्या विस्ताराची साक्ष आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्य म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत विजयदुर्ग आहे. दर्जा मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण समुद्राच्या माऱ्याने तट झिजतो आहे, २०२० च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग ढासळलाही होता, आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर उगवलेली झाडे पाहिल्यावर या कामाला किती निगुतीने हात घालावा लागणार आहे हे ध्यानात येते.

उत्तरेच्या तटावर पोहोचलो आणि सगळ्यांनी तिथेच बसकण मारली. खाली खाडीचे मुख, समोर रत्नागिरी जिल्ह्याचा काठ, डावीकडे उघडा समुद्र आणि उजवीकडे आत वळत गेलेले शांत पाणी. गावच्या वेशीत बसलेल्या माणसाला कोण आले, कोण गेले हे जसे आपोआप कळते, तसे या तटावरच्या पहारेकऱ्याला कळत असणार. कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, असताना या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांचे दस्तक घ्यावे लागे. इंग्रज या वसुलीला चाचेगिरी म्हणत. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने आपला परवाना घ्यावा, हा नियम पोर्तुगीजांनी लादला तर ती सत्ता आणि कान्होजींनी लादला तर ती लूट, हा न्याय मला कधीच पटला नाही आणि वर्गातही मी तो तसा शिकवत नाही.

त्या काळात हा किल्ला समुद्रावरून कोणाला घेता आला नाही. १७१७ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी चढाई केली आणि ती फसली. १७२० मध्ये त्यांनी ‘फ्राम’ नावाची अवजड तोफांची एक तरंगती बॅटरीच बांधून आणली. तीही कामी आली नाही. १७२४ मध्ये डचांचे आरमार परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये त्यांचे थोरले पुत्र सेखोजीही गेले आणि मग भावाभावांत फूट पडली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेच्या किनाऱ्यावर अशी वाटणी झाली. संभाजींच्या पश्चात विजयदुर्ग त्यांचे भाऊ तुळाजी यांच्या हाती आला. ते शूर होते. परंतु पेशव्यांची सत्ता त्यांनी मानली नाही आणि पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होऊ लागला. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि वर्षाच्या अखेरीस तोच जेम्स विजयदुर्गचे पाणी चाचपून गेला. मोठ्या जहाजांना किल्ल्याजवळ येण्याइतकी खोली आहे आणि तटाचा जितका बोलबाला आहे तितका तो दुर्भेद्य नाही, असे त्याने कळवले.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार या मुखातून आत शिरले. आम्ही बसलो होतो त्या तटावरून होणाऱ्या माऱ्यासमोर न थांबता ते टोकाला वळसा घालून खाडीत आले, किल्ल्याच्या उत्तरेला नांगर टाकून उभे राहिले आणि तोफा सुरू झाल्या. बंदरात आंग्र्यांची गुराबे आणि गलबते एकमेकांना बांधून ठेवलेली होती. दुपारी ‘रिस्टोरेशन’ या, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या जहाजावर एक गोळा पडला, आग लागली आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली. ज्या आरमाराने चाळीस वर्षे हा किनारा राखला, ते आपल्याच बंदरात एका संध्याकाळी जळून गेले. रॉबर्ट क्लाइव्हने जमिनीवर सैन्य उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये ठाण मांडले, म्हणजे किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन होऊ नये. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. तुळाजी त्याआधीच बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. त्यांना पुढे सारे आयुष्य कैदेत काढावे लागले.

काकाजी हे सारे हाताची घडी घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “पेशवा आपलाच नं जी? मंग आपलंच आरमार जाळाले इंग्रजाले काहून बोलावलं?”

या प्रश्नावर इतिहासकारांत पुष्कळ लिहिले गेले आहे. नानासाहेबांची बाजूही आहे: राज्याचा सरदार राज्यालाच जुमानत नसेल तर त्याला आवरणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, आणि समुद्रावर तुळाजींना तोंड देईल असे बळ त्या वेळी पेशव्यांजवळ नव्हते. शिवाय पेशव्यांनी आरमार सोडून दिले असेही नाही. विजयदुर्ग त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहाने परत मिळवला. बदल्यात इंग्रजांना बाणकोट आणि आसपासची गावे द्यावी लागली. पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांनी याच बंदरातून आरमार चालवले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून आणले. हे सगळे खरे असूनही माझे मत काकाजींच्या प्रश्नाच्या बाजूचे आहे. घरातले भांडण मिटवण्यासाठी समुद्रावरची सत्ता शोधणाऱ्या परक्याला बंदराचा रस्ता दाखवला गेला आणि त्या बंदरात जळालेली जहाजे, ती चालवणारे तांडेल आणि खलाशी, पिढ्यांची ती जाणकारी पुन्हा त्या तोलाची उभी राहिली नाही. १८१८ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यातच ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात ती जागा आहे. इथे १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लागला असे अनेकजण सांगतात, आणि ते सांगणाऱ्यांच्या मनात किल्ल्याचा अभिमान असतो. तरीही जे घडले ते जसेच्या तसे सांगणे मला आवश्यक वाटते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्यांच्यासोबत ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी निरीक्षणाला होते. हेलियमचा शोध इथला नसला तरी त्याच्या शोधकर्त्याने या तटावर दुर्बिणी मांडल्या, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

आणि हे मंडळींना सांगताना मला मनापासून आनंद झाला, कारण त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गवरून निघून ईशान्येकडे सरकत आपल्या वऱ्हाडावरून गेली. धामणगाव आणि पुलगावच्या मधल्या तळणीला त्या ग्रहणासाठी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा चमू थांबला होता. एडवर्ड आणि अ‍ॅनी माँडर हे दाम्पत्य त्यात होते, आणि अ‍ॅनी माँडर यांनी तळणीहून घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडलाचा जो लांबच लांब झोत उमटला, तसा तोवर कोणी टिपलेला नव्हता. एसटीतले भाऊ एकदम उभे राहिले. “तळणी? आपली तळणी?” त्या स्टेशनवरून ते आयुष्यभर गेले होते.

रविवार: पाण्यातून किल्ला आणि गिर्येची गोदी

भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बंदरावर विचारून ठेवावी. मोबाइलवर पाहिले तरी स्थानिकांना विचारलेले बरे. होडीतून किल्ल्याला फेरी भरतीच्या वेळी मारावी आणि गोदी ओहोटीला पाहावी. पावसाळ्यात होडीचा विचार करू नये.

आम्हाला नेणारे तांडेल काका साठीचे, कमी बोलणारे होते. होडी मुखाबाहेर निघाल्यावर किल्ल्याची उंची पहिल्यांदा कळली. जमिनीवरून आत गेल्यावर ती कळत नाही. लाटेबरोबर होडी उचलली जाई तेव्हा आमच्या बायकामंडळींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते, पण परत फिरा असे कोणी म्हणाले नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत आहे, ती शत्रूची जहाजे फोडण्यासाठी बांधलेली होती, असे काकांनी सांगितले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाणबुडे उतरवून पाहणी केली आहे. त्यांना सुमारे १२२ मीटर लांबीची जांभ्या दगडाची रचना आढळली. तिचा हेतू काहीही असो, खोल तळाच्या युरोपीय जहाजांना ज्या किनाऱ्यालगत शिरणे धोक्याचे होते, तिथे उथळ तळाची मराठी गलबते सहज वावरत. हा फरकच इथल्या लढाईचा पाया होता. वारा पडला की वल्ही मारून चालणारे गलबत शिडांवर अवलंबून असलेल्या मोठ्या जहाजाला मागून गाठू शकत असे.

दुपारनंतर खाडीच्या आत, किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेली गिर्येची गोदी पाहिली. किल्ला पाहणाऱ्यांपैकी थोडेच इकडे येतात, आणि मला हीच जागा सगळ्यांत मोलाची वाटली. खडक खोदून आणि बाजूंना दगडी बांध घालून केलेली सुमारे ११० मीटर लांबीची ही गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दार बंद करायचे आणि कोरड्या पडलेल्या जहाजाची डागडुजी करायची. समुद्राच्या रोजच्या चढ-उतारालाच कामाला लावायचे, अशी ही व्यवस्था. तांडेल काका इथे मात्र खुलले. तळाला चिकटणारे कालव खरवडले नाहीत तर होडीचा वेग कसा मंदावतो, लाकूड कसे पोखरले जाते, सांधे कसे बुजवतात, हे ते गोदीच्या काठावर बसून सांगत राहिले. आमचे शेतकरी त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारत होते. अवजार जपणाऱ्या माणसांना एकमेकांची भाषा लवकर कळते. तोफा मोजणारे किल्ला पाहून जातात, पण तोफा वाहणारी जहाजे दुरुस्त होत होती ती इथे, मुखावरच्या किल्ल्याच्या पाठीशी. वॉटसन मुखातून आत शिरला तेव्हा हा सगळा पसारा त्याच्या तोफांच्या टप्प्यात आला.

संध्याकाळी गिर्येच्या रामेश्वर मंदिरात गेलो. मंदिराकडे उतरणारी वाट डोंगर कापून काढलेली आहे. आवारात संभाजी आंग्रे यांची समाधी आहे, आणि उभी असलेली डोलकाठी धुळपांनी जिंकलेल्या जहाजाची म्हणून दाखवतात. काकाजींनी समाधीला आणि डोलकाठीला दोन्हींना हात जोडले. इथे जाणाऱ्यांनी अंधार पडायच्या आत परतावे.

सोमवार आणि नंतर

परतीचा प्रवास सुखाचा झाला. मावशींनी वाटेसाठी घावणे बांधून दिले होते आणि सोबत कोकमाची पुडी.

गावात आल्यावर पाराजवळ लोक जमले, आणि बोलता बोलता विषय गाविलगडावर गेला. आमच्या भागातल्या बहुतेकांनी चिखलदऱ्याला जाऊन तो पाहिलेला आहे. विजयदुर्ग समुद्रावरचा आणि गाविलगड सातपुड्यातला, एक आंग्र्यांचा आणि एक नागपूरकर भोसल्यांचा. पण ते कसे पडले हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. गाविलगडाच्या दक्षिणेला सरळ कडे आहेत आणि मैदानातून वर पाहणाऱ्याला तो अजिंक्य वाटतो. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून मारा चालू ठेवला, परंतु कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा ओढून उत्तरेच्या पठारावर नेल्या, तटाला खिंडारे पाडली आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडले. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. विजयदुर्गाला वळसा पाण्यातून पडला, गाविलगडाला डोंगरातून.

हे ऐकल्यावर आमच्या शाळेतल्या मुलांनीच विचारले की मग आपण गाविलगडला गेलो तेव्हा कोणत्या बाजूने आत गेलो होतो? चिखलदऱ्याहून आज आपण पर्यटक म्हणून जातो तो रस्ता जवळजवळ स्टीव्हन्सनच्याच बाजूचा आहे. परीक्षा आटोपल्या की त्यांना तिथे नेणार आहोत, या वेळी नकाशा हातात देऊन. आणि जाता-येता तळणी स्टेशनवर थांबायचे, हे एसटीतल्या भाऊंनी आधीच ठरवून टाकले आहे.